स्टिरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेलं मलम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जांघेत, काखेत, स्तनांखाली किंवा पायाच्या बोटांच्या बेचक्यांत लाल, खाजरा, आग होणारा चट्टा उठला की पुष्कळांच्या हातात एकाच जातीची ट्यूब येते. कधी ती डॉक्टरांनी लिहून दिलेली असते, कधी घरातल्या दुसऱ्या कुणाची उरलेली. त्वचेचे रुग्ण तपासण्यात माझा दिवस जातो. याच ट्यूबमुळे आठवड्यात सुटलेली माणसं मी पाहिली आहेत आणि वर्षभर अडकून पडलेलीही. फरक पडतो तो किती दिवस लावलं, कुठे लावलं आणि कशावर लावलं यामुळे. लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

या ट्यूबमध्ये नेमकं असतं काय?

दोन निरनिराळी कामं करणारी दोन औषधं. पहिलं बुरशीनाशक, बहुतेक वेळा क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल किंवा इकोनाझोल. बुरशीच्या पेशीचं आवरण अर्गोस्टेरॉल नावाच्या पदार्थाच्या आधारावर उभं असतं. ही औषधं तो पदार्थ तयार होऊ देत नाहीत. आवरण गळकं होतं आणि बुरशीची वाढ थांबते.

दुसरं स्टिरॉइड: हायड्रोकॉर्टिसोन, बीटामेथासोन, ट्रायमसिनोलोन वगैरे. त्याचं बुरशीशी काही वैर नाही. ते आपल्याच शरीराची प्रतिक्रिया शांत करतं. रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते, सूज ओसरते, खाज थांबते. त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन १९५२ साली आलं आणि त्वचारोगांचे उपचार त्याने पार बदलून गेले. ते फार मोलाचं औषध आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरेच इशारे देणार आहे.

एवढं लक्षात ठेवा: लाली, सूज आणि खाज म्हणजे बुरशीला हुसकावण्यासाठी शरीराने चालवलेली झटापट. बुरशीनाशक बुरशीवर काम करतं, स्टिरॉइड त्या झटापटीवर. जवळजवळ सगळे गोंधळ हे न कळल्याने होतात.

मग दोन्ही एकत्र द्यायचं कारण काय?

कधी कधी त्वचा इतकी सुजलेली, सोललेली असते की साधं बुरशीनाशक लावलं तरी झोंबतं. माणूस रात्रभर खाजवतो. खाजवून कातडी फुटते, फटीतून जिवाणू शिरतात आणि बुरशीच्या जोडीला पू होतो. अशा वेळी पहिले काही दिवस सौम्य स्टिरॉइडची जोड मिळाली तर झोप लागते, नखं त्वचेपासून लांब राहतात आणि बुरशीनाशकाला शांतपणे काम करता येतं.

नुसत्या बुरशीनाशकाने काम होत नाही असं मात्र नाही. नायट्यावरच्या मलमांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०१४ सालचा मोठा आढावा आहे. त्यात अॅझोल गटातलं, म्हणजे क्लोट्रिमाझोलसारखं, बुरशीनाशक आणि स्टिरॉइड एकत्र दिल्यावर चट्टा दिसायला थोडा जास्त सुधारला, पण बुरशी नाहीशी होण्याच्या बाबतीत नुसत्या बुरशीनाशकापेक्षा लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे ट्यूबमधल्या स्टिरॉइडमुळे आराम लवकर पडतो, बुरशी काही लवकर मरत नाही. सूज फारशी नसेल तर साधं बुरशीनाशकच पुरेसं असतं आणि मी तेच देतो.

माझ्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे का, हे मला कसं कळेल?

ट्यूब उजेडात धरा. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं. ते सोडून द्या. त्याखाली किंवा मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात घटकांची यादी असते, ती वाचा. अक्षरं दिसत नसतील तर फोनने फोटो काढून मोठा करा. ‘-नाझोल’ने संपणारं नाव बुरशीनाशकाचं. क्लोट्रिमाझोल, टर्बिनाफिन, सायक्लोपिरॉक्स, नायस्टॅटिन हीसुद्धा बुरशीनाशकंच. ‘-सोन’, ‘-ओलोन’ किंवा ‘-बेटासोल’ने संपणारं नाव दिसलं, की ते स्टिरॉइड: हायड्रोकॉर्टिसोन, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासोल.

एका गोष्टीत भलेभले फसतात. एकाच नावाची दोन मलमं मिळतात. एक साधं आणि दुसरं त्याच नावापुढे एक-दोन अक्षरं जोडलेलं. त्या अक्षरांत स्टिरॉइड लपलेलं असतं. खोकीही सारखीच दिसतात. ‘मागच्या वेळी आणलं होतं तेच’ म्हणून घरी भलतंच येतं.

टक्का कमी म्हणजे औषध सौम्य ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य गटातलं स्टिरॉइड आहे. ०.०५ टक्के बीटामेथासोन डायप्रोपिओनेट जोरदार गटातलं, तर ०.०५ टक्के क्लोबेटासोल सर्वांत जोरदार गटातलं. वीसपट लहान आकडा आणि ताकद कितीतरी जास्त. टक्क्यांची तुलना त्याच एका औषधापुरतीच करता येते, दोन वेगळ्या औषधांमध्ये नाही. म्हणून आकडा बाजूला ठेवा आणि नाव बघा.

कोणत्या त्रासात हे मिश्रण खरोखर उपयोगी पडतं?

त्वचेच्या घड्यांमध्ये, म्हणजे जांघ, काख, स्तनांखाली, पोटाच्या वळीत ओल आणि घर्षणामुळे कातडी लाल होते आणि त्यावर कॅन्डिडा नावाची यीस्ट, म्हणजे बुरशीचाच एक प्रकार, वाढते. तिथे थोडे दिवस. पायांच्या बोटांमधल्या सुजलेल्या, चिरलेल्या चिखल्यांवर सुरुवातीला. खूप लाल झालेल्या, खूप खाजणाऱ्या नायट्यावर पहिले काही दिवस. आणि नाकाच्या कडेला, भुवयांत, कानामागे तेलकट खपल्या धरणाऱ्या त्वचादाहात अधूनमधून, तेही सौम्य स्टिरॉइड असलेलंच.

नायस्टॅटिन असलेली मिश्रणं फक्त कॅन्डिडावर चालतात. नायटा करणाऱ्या बुरशीवर नायस्टॅटिनचा उपयोग होत नाही. तशी ट्यूब नायट्यावर लावली तर प्रत्यक्षात तुम्ही नुसतं स्टिरॉइड लावत असता.

कशावर अजिबात लावू नये?

नागीण, कांजिण्या, ओठावरचे तापाचे फोड, चामखिळी. मुरूम. गाल-नाकावर कायम लाली राहणारा रोझेशिया. पू भरलेल्या पुळ्या. उघडी जखम, भाजलेली जागा. डोळ्यांच्या पापण्या आणि आजूबाजूचा भाग, कारण तिथे सतत स्टिरॉइड लागलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. खरजेवरही नाही, खाज दबते, कीटक तसेच राहतात आणि घरभर पसरतात.

छाती-पाठीवरच्या शिब्यांनाही स्टिरॉइडची गरज नसते. ती साध्या बुरशीनाशकाने जातात. रंग पूर्ववत व्हायला मात्र काही महिने लागतात. तेवढ्या काळात ‘औषध लागू पडलं नाही’ असं समजून लोक जास्त जोरदार मलमाकडे वळतात, त्याची काही गरज नसते.

हा नायटा आहे की इसब, हे घरी ओळखता येतं का?

अंदाज बांधता येतो. खिडकीपाशी बसा आणि उजेड बाजूने पडू द्या. नायटा बहुधा कडेने वाढतो. कड किंचित उंच, लालसर, बारीक खपल्यांची आणि मधला भाग त्या मानाने स्वच्छ, म्हणून गोल कडं दिसतं. चार-पाच दिवसांनी पाहिलं तर कड थोडी बाहेर सरकलेली असते. बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन नावाचं प्रथिन खात बाहेर बाहेर जाते, त्यामुळे ही रचना होते. कॅन्डिडा असेल तर घडीच्या आत गडद लाल, ओलसर भाग असतो आणि त्याच्या हद्दीबाहेर सुटे सुटे लहान लाल ठिपके किंवा पुळ्या. इसबाची हद्द अस्पष्ट असते, मधोमधही तेवढीच खाज आणि खपली असते, आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखं उठतं.

पण आधीच स्टिरॉइड लावलेलं असेल तर यातली एकही खूण भरवशाची राहत नाही. तेव्हा तपासणीच करावी लागते.

किती मलम लावायचं?

तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या वळीपर्यंत ट्यूबमधून सरळ रेघ काढा. ही एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटं जुळवून धरलेल्या मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. जांघेतला चट्टा एका तळहाताएवढा असेल तर अर्धी रेघ. पांढरा थर दिसेल इतकं फासू नका. बोट फिरवून जिरलं की झालं.

आधी जागा धुऊन नीट कोरडी करा, बोटांची बेचकी तर टिपून टिपून. चट्टा आणि त्याच्या बाहेर साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत लावा, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेली असते. कड सोडून फक्त मध्ये लावण्याची सवय फार जणांना असते. लावून झालं की हात धुवा. त्यावर घट्ट पट्टी किंवा प्लास्टिक बांधू नका, कोंडलेल्या त्वचेतून स्टिरॉइड जास्त शोषलं जातं. कोरड्या त्वचेसाठी दुसरं क्रीम लावत असाल तर दोघांत अर्धा तास जाऊ द्या.

किती दिवस लावायचं?

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर सौम्य स्टिरॉइड असलेलं मिश्रण सात दिवसांपेक्षा जास्त नाही. बीटामेथासोन डायप्रोपिओनेटसारखं जोरदार स्टिरॉइड असलेलं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मुळीच नाही. क्लोट्रिमाझोल आणि बीटामेथासोनच्या मिश्रणाचं अमेरिकेतलं माहितीपत्रक अंगावरच्या आणि जांघेतल्या नायट्यासाठी दोन आठवडे आणि पायांसाठी चार आठवडे ही कमाल मर्यादा देतं. ती कमाल मर्यादा आहे; तेवढे दिवस लावलंच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही.

मात्र बुरशीनाशकाचा हिशेब निराळा. क्लोट्रिमाझोलसारखं औषध नायट्यावर साधारण चार आठवडे आणि कॅन्डिडावर किमान दोन आठवडे लावावं लागतं. त्वचेचा वरचा थर पूर्ण बदलायला सुमारे महिना लागतो, आणि बुरशी त्या थरात दडून असते. स्टिरॉइडची मुदत दिवसांत मोजायची, बुरशीनाशकाची आठवड्यांत. एकाच ट्यूबमध्ये या दोन मुदती बसत नाहीत, म्हणून मी सुरुवातीलाच दोन ट्यूब लिहून देतो: पहिले काही दिवस मिश्र, मग साधं बुरशीनाशक. रुग्णांना वाटतं डॉक्टर उगाच दोन औषधं देताहेत. कारण सांगितलं की पटतं.

दोन दिवसांतच खाज गेली. आता बंद करू?

मिश्र ट्यूब ठरलेल्या दिवशी बंद करा. साधं बुरशीनाशक चालू ठेवा, चट्टा दिसेनासा झाल्यावरही एक-दोन आठवडे. दोन दिवसांत खाज गेली ती स्टिरॉइडमुळे. बुरशी अजून तिथेच आहे. दोन दिवस लावायचं, बरं वाटलं की सोडायचं, परत उठलं की परत लावायचं, हा फेरा मला सगळ्यांत जास्त दिसतो आणि सगळ्यांत जास्त चिंता त्याचीच वाटते.

बंद केलं की परत येतं आणि आधीपेक्षा मोठं होऊन येतं. असं का?

एक तरुण माझ्याकडे आला होता. जांघेत लहानसा चट्टा, कुणीतरी सुचवलेली ट्यूब, तीन दिवसांत आराम. मग आठ महिने तीच ट्यूब, गरज पडेल तशी. तो आला तेव्हा चट्टा मांड्यांपर्यंत आणि मागे कमरेपर्यंत पोचला होता. गोल कडं कुठेच नव्हतं, नुसते मिसळलेले तपकिरी डाग आणि मधून मधून पुळ्या. मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट, खोलगट रेघा पडल्या होत्या, वजन झपाट्याने वाढल्यावर पोटावर पडतात तशा. त्वचा दोन बोटांत धरली तर कागदासारखी पातळ लागत होती. त्याने विचारलं, ‘हे औषध मला लागू पडत होतं ना?’ त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. प्रत्येक वेळी लावल्यावर त्याला खरंच बरं वाटत होतं.

होतं असं: स्टिरॉइड शरीराचा प्रतिकार त्या जागेपुरता दाबून टाकतं. बुरशीनाशक अनियमित मिळत असल्याने बुरशी पूर्ण मरत नाही, आणि तिला हुसकावणारं कुणी उरलेलं नसतं. ती पसरते, केसांच्या मुळांतून खोलही जाते. मलम थांबवलं की दाबलेली प्रतिक्रिया एकदम उसळते, म्हणून आधीपेक्षा जास्त लाल आणि जास्त खाजरं दिसतं. माणूस घाबरून पुन्हा ट्यूब उचलतो. स्टिरॉइडमुळे रूप पालटलेल्या या नायट्याला वैद्यकात ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणतात, म्हणजे वेष बदललेला नायटा. १९६८ साली दोन ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांनी या नावाने त्याचं वर्णन केलं. म्हणजे वैद्यकाला हे पन्नास वर्षांहून जास्त काळ माहीत आहे, तरी अजून ते रोज घडतं.

त्या तरुणाला मलम बंद करून काही आठवडे पोटातून बुरशीनाशक गोळी घ्यावी लागली. नायटा पूर्ण गेला. रेघा राहिल्या, त्या कायमच्या असतात, फक्त काळानुसार फिकट होतात.

जांघेत आणि चेहऱ्यावर लावताना वेगळी काळजी का?

कारण सगळीकडची कातडी सारखी शोषत नाही. हायड्रोकॉर्टिसोन किती शोषलं जातं याची मोजणी १९६७ साली प्रसिद्ध झाली. हाताच्या आतल्या बाजूला १ धरलं, तर तळपायाला ०.१४, काखेला ३.६, कपाळाला ६, जबड्याला १३ आणि वृषणाच्या त्वचेला ४२. एकच ट्यूब, तेवढीच रेघ, पण तळपायाच्या मानाने वृषणाच्या त्वचेतून तीनशेपट शोषण. वृषणाची कातडी मलमाने लाल होऊन जळजळायला लागते, आणि ती लाली बुरशीचीच समजून माणूस अजून लावतो.

चेहऱ्यावर जोरदार स्टिरॉइड लागलं की पुरळ, तोंडाभोवती लाल पुळ्या, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, नको तिथे केस आणि उन्हात गेलं की आग, असं सगळं होऊ शकतं. गोरेपणासाठी ही ट्यूब लावणारेही भेटतात. जे उजळ दिसतं तो स्टिरॉइडचा दुष्परिणाम असतो, आणि काही महिन्यांनी त्याच चेहऱ्यावर हात लावू देत नाही इतकी आग होते. कृपा करून कुणालाही हे सुचवू नका.

मी तीन-चार महिने लावतोय. आता काय करू?

घाबरू नका आणि स्वतःला दोष देत बसू नका. लहानशा जागेवर, थोडे आठवडे आणि सौम्य मलम असेल तर ते थांबवून साध्या बुरशीनाशकावर या. पहिले काही दिवस खाज वाढेल. तेवढ्यात टिकून राहणं हाच अवघड भाग. खाजेसाठी डॉक्टर पोटातून गोळी देऊ शकतात, थंड ओल्या फडक्यानेही बराच आराम पडतो.

जोरदार स्टिरॉइड मोठ्या भागावर अनेक महिने लावलं असेल तर मनाने एकदम बंद न करता लवकरात लवकर त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. कातडीतून इतकं औषध शरीरात गेलेलं असू शकतं की शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावलेलं असतं. फार थकवा, चक्कर, मळमळ, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं असतील तर ती सांगायला विसरू नका. आणि वापरलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, सोबत न्या. ‘पांढरं मलम होतं’ एवढ्यावरून आम्हाला काहीच कळत नाही.

बाळाच्या डायपरच्या जागी लावू का?

आपल्या मनाने नाही. बाळाची कातडी पातळ असते, वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ मोठं असतं, आणि डायपर ही घट्ट पट्टीच असते. यीस्टमुळे झालेल्या डायपर रॅशला बहुतेकदा साधं बुरशीनाशक, वारंवार बदललेला डायपर, थोडा वेळ उघडं ठेवणं आणि झिंक ऑक्साइडचा थर एवढं पुरतं. फार सूज असेल तर बालरोगतज्ज्ञ सौम्य हायड्रोकॉर्टिसोन असलेलं मलम मोजके दिवस देतात.

बीटामेथासोन असलेलं मिश्रण लहान मुलांना आणि किशोरवयीनांना देत नाहीत. वर सांगितलेल्या माहितीपत्रकात १७ वर्षांखाली ते देऊ नये असं स्पष्ट आहे. १२ ते १६ वयाच्या मुलांच्या पायांच्या नायट्यावर ते लावून पाहिलं, तेव्हा तपासलेल्या ४३ जणांपैकी १७ जणांत अधिवृक्क ग्रंथींचं, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या ग्रंथींचं, काम दबलेलं आढळलं. फक्त पायांवर लावलेल्या मलमामुळे.

गरोदरपणात आणि स्तनपानात चालतं का?

क्लोट्रिमाझोल आणि मायकोनाझोल त्वचेतून फारच कमी शोषली जातात, आणि गरज पडल्यास डॉक्टर सौम्य स्टिरॉइडही थोडे दिवस देतात. जोरदार स्टिरॉइड मोठ्या भागावर लावणं टाळतात. स्तनाग्रावर लावायचं असेल तर आधी विचारा. लावलं असेल तर दूध पाजण्यापूर्वी पुसून घ्या.

तीन-तीन, चार-चार औषधं असलेली मलमं जास्त चांगली नाहीत का?

नाहीत. बुरशीनाशक, जोरदार स्टिरॉइड आणि वर एक-दोन प्रतिजैविकं अशी मिश्रणं ‘काहीही असलं तरी यातलं एक लागेल’ या हिशेबावर चालतात. त्यातलं नियोमायसिन हे प्रतिजैविक पुष्कळांना सोसत नाही, त्याच्या अॅलर्जीने नवाच इसब उठतो. गरज नसताना प्रतिजैविक लावत राहिलं की त्याला दाद न देणारे जिवाणू वाढतात. बुरशीचंही तेच. टर्बिनाफिनला जुमानत नाही असा ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाचा प्रकार आता अनेक देशांत आढळतो, आणि त्याचा नायटा आठवड्यांत न जाता महिनोन् महिने पिच्छा पुरवतो. निदान झालेलं असेल तर नेमकं एक औषध पुरतं. निदानच झालं नसेल तर आधी ते करून घ्यायचं.

लावल्यावर आग होते, हे चालायचंच का?

पहिल्या मिनिटभर थोडं झोंबलं तर चालतं, विशेषतः चिरा असतील तेव्हा. आग वाढत गेली, चट्टा जास्त लाल झाला, पाणी सुटलं किंवा मलम लावलेल्या जागेच्या आकाराचं नवं पुरळ उठलं तर थांबवा. ती अॅलर्जी असू शकते, मुख्य औषधाची किंवा मलमातल्या टिकाऊपणासाठी घातलेल्या पदार्थाची.

इतर औषधांचं किंवा आजारांचं काही?

रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर मायकोनाझोल असलेलं मलम घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो. मधुमेह असेल तर साखर तपासून घ्या. वारंवार येणाऱ्या कॅन्डिडामागे चढलेली साखर असणं अगदी नेहमीचं आहे, आणि ती आटोक्यात आल्याशिवाय कोणतंही मलम पुरं पडत नाही. क्लोट्रिमाझोल आणि मायकोनाझोलची मलमं गुप्तांगाजवळ लावल्यास रबराचा कंडोम कमकुवत होऊ शकतो. पॅराफिन असलेली मलमं कपड्यांत मुरली की कपडे पटकन पेट घेतात, म्हणून आगीपासून जपा.

डोक्यातला नायटा आणि नखांची बुरशी याने जाते का?

नाही. डोक्यातल्या नायट्यात बुरशी केसाच्या मुळात असते. त्याला ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिनसारखी पोटातून घ्यायची औषधंच लागतात. नखात मलम झिरपत नाही.

घरात एकाला झालं की सगळ्यांना होतं. काय करावं?

सगळ्यांची अंगं एकदा उजेडात बघा आणि ज्यांना चट्टे असतील त्यांचा उपचार एकाच वेळी सुरू करा. एकाचा बरा होईपर्यंत दुसऱ्याचा त्याला परत लागतो, असं चक्र मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. टॉवेल, अंतर्वस्त्रं, मोजे वेगळे ठेवा. ते शक्य असेल तर ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळू द्या. अर्धवट ओले कपडे घालू नका. पायाला चिखल्या असतील तर आधी मोजे चढवा, मग अंतर्वस्त्र. उलट केलं तर पायाची बुरशी कापडावरून जांघेत जाते. घरातल्या मांजराचे किंवा कुत्र्याचे केस गोल गोल जात असतील तर त्यालाही पशुवैद्याकडे न्या.

उरलेली ट्यूब ठेवून देऊ का?

नको. ठेवली की पुढच्या कुठल्याही लाल डागावर ती लागते, आणि तो डाग बुरशीचा असेलच असं नाही.

तातडीने डॉक्टरांकडे कधी जायचं?

लाली तासातासाने पसरत असेल, जागा गरम आणि फार दुखरी असेल, ताप असेल, पू किंवा लाल रेघा वर चढताना दिसत असतील, डोळ्याजवळ काही उठलं असेल, तर त्याच दिवशी. तसंच सात दिवस नीट लावूनही फरक नसेल, चट्टा वाढत असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर थांबू नका.

डॉक्टर तपासणीत काय करतील? खर्चिक किंवा दुखरी असते का?

दुखत नाही. चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने थोडा कोंडा खरवडतात, काचेवर घेऊन त्यावर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. कातडीच्या पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले लांब धागे दिसतात. थोड्या वेळातच उत्तर मिळतं, साहित्यही अगदी साधं लागतं. बुरशी वाढवून पाहायची असेल तर मात्र काही आठवडे लागतात.

जायच्या आधी काही दिवस त्या जागेवर बुरशीनाशक लावलं नाही तर निष्कर्ष जास्त खात्रीचा येतो, नाहीतर बुरशी असूनही दिसत नाही. वेळ ठरवतानाच विचारा, ‘मलम किती दिवस आधी थांबवू?’ आणि पावडर लावून जाऊ नका, काचेवर तीच आधी दिसते.